गाडीचे वय आणि गाडीची प्रकृती

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी ही काळ्या-पिवळ्या रंगाची टॅक्सी अधिकृतपणे निवृत्त झाली. २००३ मध्ये नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनीची वीस वर्षे भरली आणि नियमाप्रमाणे तिचा परवाना संपला. त्या आठवड्यात अनेकांनी हळहळ व्यक्त केली, छायाचित्रे काढली, बालपणीच्या प्रवासाच्या आठवणी सांगितल्या. गाडी रस्त्यावरून गेल्यानंतर तिच्याविषयी वाटणारे हे प्रेम मोठे स्वस्त असते. त्यासाठी कोणाला रेडिएटर बदलावा लागत नाही किंवा क्लच प्लेट शोधत नाना पेठेत दोन दिवस हिंडावे लागत नाही. उलट, जुनी गाडी दारात चालू स्थितीत ठेवणाऱ्या माणसाकडे आपला समाज काहीशा कीवेने पाहतो. ‘इतक्या पैशांत नवी आली असती’ हे वाक्य त्याला शेजारी, सहकारी आणि सासरचे लोक या तिन्ही आघाड्यांवर ऐकावे लागते. हा माणूस खरोखरच वेडा आहे काय, आणि शासनाने त्याच्याशी कसे वागावे, हे दोन्ही प्रश्न वाटतात तितके क्षुल्लक नाहीत.

पद्मिनी ज्या कुर्ल्यात तयार होत असे, तेथेच पुढे फियाट कंपनीची पॅलिओ बनू लागली. २००१ मध्ये ती बाजारात आली. तिच्या १.६ लिटर, सोळा झडपांच्या इंजिनाची ताकद सुमारे शंभर अश्वशक्ती होती. त्या काळी मध्यमवर्गाची आदर्श मोटार म्हणजे मारुती ८००. तिचे इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचे आणि ताकद चाळीस अश्वशक्तीच्याही आत. आकाराने घरगुती दिसणाऱ्या छोट्या गाडीत एवढी शक्ती भरणे हा तेव्हाच्या भारतीय बाजारपेठेत धाडसाचाच प्रकार होता. जड बांधा, रस्त्याला धरून राहणारी चाके आणि वजनदार भासणारे सुकाणू यांमुळे वाहन चालविण्याची ज्याला मुळातच आवड आहे, त्याला ही गाडी भावली. बाजाराला मात्र ती फारशी मानवली नाही. आपल्याकडे मोटार विकत घेणारा पहिला प्रश्न विचारतो, ‘अॅव्हरेज किती देते?’ या प्रश्नाला १.६ च्या पॅलिओजवळ समाधानकारक उत्तर नव्हते.

किंमत आणि मोल

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक जुना धडा नव्याने दिसेल. वस्तूची बाजारातील किंमत आणि तिच्यापासून मिळणारी उपयुक्तता या दोन भिन्न गोष्टी आहेत. जिचे पेट्रोल परवडत नाही, जिच्या कंपनीने या देशातला मोटारींचा व्यवसायच गुंडाळला आहे आणि जिची पुढची विक्री अवघड आहे, अशा गाडीला जुन्या बाजारात भाव मिळत नाही. नव्या गाडीच्या मालकाला पहिल्या काही वर्षांत जो मोठा घसारा सोसावा लागतो, तो येथे पूर्वीच कोणीतरी सोसलेला असतो. म्हणूनच, एरवी शंभर अश्वशक्तीच्या वाटेला न जाणारा माध्यमिक शिक्षक किंवा बँकेतला कारकून अशा गाडीचा मालक होऊ शकतो. श्रीमंताची हौस वीस वर्षांनी सामान्याच्या आवाक्यात येते.

अर्थात, ती आवाक्यात येते ती खरेदीच्या दिवसापुरती. त्यानंतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण मालकाला पदोपदी आठवते. जुन्या गाडीची झीज केवळ धावल्याने होत नाही, तर नुसत्या उभे राहण्यानेही होते. रबराचे होज पाइप तडकतात, सस्पेन्शनचे बुश भुगा होतात, ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून निकामी होते. टायमिंग बेल्टचे आयुष्य किलोमीटरइतकेच वर्षांवरही अवलंबून असते. तो अवचित तुटला, तर सोळा झडपांच्या बहुतेक इंजिनांत दट्ट्या झडपांवर आदळतो आणि काही हजारांची कुचराई लाखाच्या घरात जाते. म्हणून जाणता मालक काही भाग बिघडण्याची वाट न पाहता मुदतीवर बदलतो. हा खर्च टाळून गाडी स्वस्तात चालते असे मानणे म्हणजे विम्याचा हप्ता न भरता बचत झाली असे समजण्यासारखे आहे.

आणखी एक मोह टाळावा लागतो. ‘आतापर्यंत इतके घातले, आता सोडायची कशी?’ हा युक्तिवाद अनेक मालकांना कर्जाच्या खाईत नेतो. घातलेला पैसा गेला. तो बुडीत खर्च होय. पुढच्या दुरुस्तीचा निर्णय पुढच्या उपयोगाकडे पाहूनच घेतला पाहिजे. पत्र्याला आतून गंज लागलेली गाडी सोडून देणे यात भावनेचा पराभव नाही, हिशेबाचा शहाणपणा आहे.

माहितीची विषमता

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक गाजलेला निबंध लिहिला. विक्रेत्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, गिऱ्हाइकाला नसतात. म्हणून गिऱ्हाईक सरासरी भावच देऊ करते. त्या भावात चांगली गाडी विकणे परवडत नाही, आणि बाजारात वाईट गाड्याच उरू लागतात. खोटे नाणे खऱ्याला हुसकावते, तसाच हा प्रकार. या विचारासाठी अकरलॉफला २००१ मध्ये, म्हणजे पॅलिओ आली त्याच वर्षी, अन्य दोघा अर्थशास्त्रज्ञांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

या रोगावर हौशी मालकांनी शोधलेला उपाय साधा आहे. ते वही ठेवतात. कोणत्या तारखेला किती किलोमीटरवर कोणता भाग बदलला, पावती कोठली, काम कोणी केले, याची नोंद असलेली गाडी बाजारात वेगळी ओळखू येते. दुसरा उपाय म्हणजे मेस्त्री. तालुक्याच्या गावी पत्र्याच्या शेडमध्ये बसणारा, इंजिनाच्या आवाजावरून झडपेचा दोष सांगणारा कारागीर हे या देशाचे मोठे मानवी भांडवल आहे. नव्या गाड्यांत दोष संगणक सांगतो आणि पुष्कळदा जोडणीचा अख्खा संच बदलला जातो. जुन्या गाडीत भाग उघडून, घासून, पुन्हा बसवता येतो. जुनी गाडी टिकते तेव्हा हे कौशल्य टिकते आणि पैसा गावातच फिरतो. हा लाभ राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांत नव्या गाडीच्या विक्रीइतका ठळकपणे दिसत नाही, म्हणून तो नाहीच असे मात्र नव्हे.

घाटातली परीक्षा

अशा गाडीचे सार्थक होते ते प्रवासात. कोल्हापूरहून निपाणी, आजरामार्गे आंबोली आणि तेथून घाट उतरून सावंतवाडी, हा दीडशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता घ्या. नव्या गाडीचा मालक आदल्या रात्री कपड्यांची पिशवी भरतो, तर जुन्या गाडीचा मालक कूलंटची पातळी पाहतो, स्टेपनीची हवा तपासतो आणि फ्यूज, जादा बेल्ट, होजच्या क्लिपा, पाने, पाण्याचा कॅन डिकीत ठेवतो. महामार्ग सोडल्यावर आजऱ्याच्या वळणांत गाडीचा खरा स्वभाव कळू लागतो. चढणीला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन न कण्हता ओढते, आणि आंबोलीहून खाली उतरताना दुसऱ्या गिअरने वेग आवरला नाही तर ब्रेकचा वास सुटतो. पावसाळ्यात धुके दाटले की दिव्यांची काच किती पिवळी पडली आहे तेही समजते. येथे चालकाला यंत्राशी बोलावे लागते आणि त्याचे ऐकावेही लागते. सावंतवाडीला पोचल्यावर लाभणारे समाधान केवळ ठिकाण गाठल्याचे नसते. आपण काळजी घेतली आणि वस्तूने साथ दिली, याचे ते असते. ‘वापरा आणि फेका’ या वृत्तीच्या काळात हे समाधान विद्यार्थ्यांनाही शिकविण्याजोगे आहे.

तथापि, येथवरचे सारे कौतुक एका प्रश्नापाशी थांबते. या हौसेची किंमत दुसरे कोणी देत नाही ना? ती देतात, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. वीस वर्षांपूर्वीची मोटार त्या काळच्या प्रदूषण-मानकांप्रमाणे बनलेली असते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या तुलनेत ती प्रत्येक किलोमीटरला कितीतरी अधिक विषारी वायू सोडते, आणि तिचा उत्प्रेरक निकामी झाला असेल तर विचारायलाच नको. बहुतेक जुन्या गाड्यांत एअरबॅग नसतात. रस्त्याकडेच्या शाळकरी मुलाच्या फुप्फुसाला मालकाच्या भावनेशी काही देणेघेणे नाही. तेव्हा शासनाने यात लक्ष घालू नये, असे म्हणता येणार नाही. प्रश्न आहे तो लक्ष कसे घालावे याचा.

सरसकट नियमाचा दोष

आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे ती पाच-पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी दहा हजार झाले. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. वर्षाला दोन हजार रुपये ही रक्कम, दुरुस्तीच्या खर्चापुढे, असह्य नाही. दोष आहे तो तत्त्वाचा. वर्षाकाठी दोन हजार किलोमीटर धावणाऱ्या, निगा राखलेल्या गाडीला आणि रोज धूर ओकत शहर पालथे घालणाऱ्या गाडीला शुल्क एकच. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी, हे तत्त्व येथे वयावर येऊन थांबते आणि धुरापर्यंत पोचतच नाही.

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केली. ऑगस्ट २०२५ मध्ये मालकांना अंतरिम दिलासा मिळाला आणि डिसेंबरात तो बीएस-४ व त्यापुढील वाहनांपुरता मर्यादित झाला. म्हणजे निकष वयाकडून मानकाकडे एक पाऊल सरकला. ही दिशा योग्य आहे, पण मानकही गाडीच्या जन्माचे असते. तिच्या आजच्या प्रकृतीबद्दल ते फारसे काही सांगत नाही.

पेट्रोलचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. २०२५ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर पोचले. परकीय चलन वाचते, उसाला भाव मिळतो. कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्याला त्याचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. परंतु जुन्या इंधनासाठी बनलेल्या चारचाकीची कार्यक्षमता या मिश्रणाने सहा ते सात टक्के घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच वर्तविला होता. शिवाय जुन्या रबरी नळ्या व सील या मिश्रणासाठी बनवलेले नाहीत. म्हणजे एकीकडे मालकाने गाडी ठणठणीत राखावी अशी अपेक्षा, आणि दुसरीकडे बहुतेक पंपांवर तिला मानवणाऱ्या इंधनाची निवडच नाही.

२०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील मूळ स्वरूपातील वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून मान्यता दिली. मात्र ती रोजच्या वापरासाठी नाही. ती गाडी प्रदर्शन, मेळावा आणि त्यासाठी लागणारी देखभाल एवढ्यापुरतीच रस्त्यावर येऊ शकते. मग पंधरा ते पन्नास या दरम्यानच्या पस्तीस वर्षांत गाडीने काय करायचे? तिला तोवर कोणी जगूच दिले नाही, तर उद्याची व्हिंटेज येणार कोठून? जर्मनीत तीस वर्षांवरील, मूळ रूपात उत्तम राखलेल्या गाडीला तज्ज्ञाच्या तपासणीनंतर १९९७ पासून वेगळी नोंदणी व सपाट दराचा कर मिळतो. याउलट जपानमध्ये तेरा वर्षांवरील पेट्रोल मोटारीवरील वार्षिक कर वाढतो, पण दर दोन वर्षांनी काटेकोर तपासणीही होते. दोन देशांची उद्दिष्टे भिन्न, पण तपासणीवर दोघांचाही विश्वास आहे.

आपल्याकडे नेमका तोच दुवा कच्चा आहे. पीयूसीचे प्रमाणपत्र पंपाच्या कोपऱ्यात काही मिनिटांत मिळते, आणि ते धुराविषयी किती सांगते हे सर्वांना ठाऊक आहे. जेथे मोजमाप विश्वासार्ह नसते, तेथे शासन वयाचा आधार घेते, कारण जन्मतारीख कोणाला बदलता येत नाही. हा प्रशासनाचा सोयीचा मार्ग आहे, न्यायाचा नव्हे. स्वयंचलित तपासणी केंद्रे प्रत्येक जिल्ह्यात पोचावीत. पंधरा वर्षांनंतर गाडीची दरवर्षी खरी तपासणी व्हावी. नापास झालेली गाडी, मालक कितीही भावुक असला तरी, रस्त्यावरून उतरावी. जी उत्तीर्ण होईल तिच्यावरील कर तिने वर्षभरात केलेल्या किलोमीटरच्या प्रमाणात असावा. आणि कंपनी बाजार सोडून गेली तरी सुट्या भागांची माहिती उपलब्ध राहील, असे बंधन उत्पादकांवर असावे. सप्टेंबर २०२५ मध्ये सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर सरसकट अठरा टक्क्यांवर आला. दुरुस्तीला उत्तेजन देण्याच्या दृष्टीने तो निर्णय स्वागतार्हच होता.

एकेका शिक्षकाने किंवा कारकुनाने जुनी पॅलिओ जपल्याने देशाचे अर्थकारण बदलणार नाही आणि ती भंगारात गेल्याने हवाही शुद्ध होणार नाही. परंतु निगा राखणाऱ्याला आणि हेळसांड करणाऱ्याला कायदा एकाच तराजूत तोलू लागला, तर हळूहळू निगा राखणेच कमी होते. त्याचे परिणाम मोटारीपुरते थांबत नाहीत. माणसाच्या निवृत्तीचे वय कागदावर ठरवता येते, पण त्याचा आजार नाडी पाहूनच ओळखावा लागतो. यंत्राच्या बाबतीतही याहून वेगळा न्याय नाही.