असं का होतं? : कुत्रा मागे लागतो तेव्हा...

दोस्तांनो, शाळेतून येताना गल्लीतला कुत्रा कधी मागे लागलाय? छाती धडधडते आणि आपण जीव मुठीत धरून पळत सुटतो. धडपडून गुडघा फुटतो. पण घरी पोचून बघावं, तर रक्त थांबलेलं! गंमत म्हणजे, ते थांबवायची तयारी शरीराने गुडघा फुटायच्या आधीच सुरू केलेली असते.

आपल्या रक्तात प्लेटलेट्स असतात. विज्ञानाच्या पुस्तकातल्या रक्तपट्टिका त्या याच. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. एरवी त्या चपट्या बशीसारख्या, सुट्या सुट्या वाहतात. रक्तवाहिनी फाटली, की तिथे धावतात, एकमेकींना घट्ट चिकटतात आणि भोक बुजवतात.

कुत्रा भुंकला, की मेंदू अधिवृक्क ग्रंथींना इशारा देतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या या ग्रंथी अ‍ॅड्रेनॅलिन नावाचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, रक्तात सोडतात. प्लीहेत राखीव असलेल्या काही प्लेटलेट्स त्यामुळे बाहेर येतात. शिवाय अ‍ॅड्रेनॅलिन प्लेटलेट्सना जाऊन चिकटतं आणि त्या सावध होतात. बोलर धावत निघाला, की स्लिपमधले फिल्डर गुडघे वाकवून तयार राहतात ना, अगदी तस्संच! मग जखमेचा इशारा मिळताच त्या झटकन कामाला लागतात.

भीतीचा आणि रक्त गोठण्याचा हा संबंध अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचे वॉल्टर कॅनन यांनी 1914 मध्ये मांजरांवर प्रयोग करून दाखवला. थोडंसं अ‍ॅड्रेनॅलिन टोचलं, की मांजरांचं रक्त लवकर गोठत होतं. त्यात प्लेटलेट्सचा वाटा किती, हे 1960 नंतर उलगडत गेलं.

पण हीच तयारी कधीकधी अंगाशी येते बरं का! वय वाढतं तशा काहींच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आतून अरुंद होतात. अशा माणसाला मोठा धक्का बसला किंवा संताप अनावर झाला, तर सावध प्लेटलेट्स जखम नसलेल्या जागीही गुठळी करू शकतात. मग हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. आईबाबांनो, 'डोकं शांत ठेवा' असं डॉक्टर सांगतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

आणि दोस्तांनो, दाराआड लपून आजोबांना 'भॉ!' करायचा बेत असेल, तर तेवढा रद्द करा हं!