नव्या रेणूची बातमी आणि घशातले दुखणे

अमेरिकेच्या औषध नियामकाने ३० जानेवारी २०२५ रोजी सुझेट्रिजिन या अफूविरहित वेदनाशामकाला मान्यता दिली आणि आपल्याकडील विज्ञानवार्ता हरखून गेल्या. मज्जातंतूंतील विशिष्ट सोडियम वाहिनी रोखण्याची ही युक्ती देखणी आहे, यात वाद नाही. परंतु त्याच्या मोठ्या चाचण्या झाल्या त्या पायाच्या अंगठ्याच्या हाडावरील आणि पोट सपाट करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर. तेथे ते औषधहीन गोळीपेक्षा सरस ठरले. हायड्रोकोडोन-पॅरासिटामॉलच्या जुन्या जोडगोळीपेक्षा मात्र नाही. हे दुसरे वाक्य बातमीत हुडकावे लागते.

लखनौच्या इंदिरा नगरात टॉन्सिल काढून घरी परतलेल्या मुलाला या जल्लोषाचा उपयोग काय? त्याला हवी ती अफूविरहित औषधे कोपऱ्यावरच्या दुकानात केव्हाचीच आहेत : पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन. कॅनडात ९१ मुलांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पॅरासिटामॉलच्या जोडीला आयबुप्रोफेन दिले काय नि मॉर्फिन दिले काय, वेदना सारखीच शमली. मॉर्फिनच्या गटात मात्र रात्री रक्तातील ऑक्सिजन वारंवार घसरू लागला आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. कोडीनची कथा याहून वाईट. यकृतात त्याचे मॉर्फिन होते. काहींच्या शरीरात ते इतक्या झपाट्याने होते की श्वासच मंदावतो. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर अशी मुले दगावली आहेत.

मग मूल कळवळते का? ‘दुखले तर द्या’ या तीन शब्दांमुळे. घशाची वेदना दुसऱ्या दिवशी ओसरत नाही. आठवडाभराने खपली सुटू लागली की ती पुन्हा उसळते. दुखते म्हणून मूल पाणी पीत नाही, घसा कोरडा पडतो, आणखी दुखते. म्हणून पहिले काही दिवस वजनानुसार ठरवलेली मात्रा घड्याळाप्रमाणे द्यावी लागते. आयबुप्रोफेन कोणाला वर्ज्य, हे डॉक्टरांनी सांगावे. रक्तस्रावाच्या मोघम भीतीने ते सरसकट बंद करणे हे शास्त्र नव्हे.

‘अफूविरहित’ हे बिरुदही अमेरिकेच्या व्यसनसंकटातून उसने आलेले. उत्तर प्रदेशातच, गाझीपूरला, सरकारी अफू कारखाना आहे. तरीही १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याच्या धाकाने देशभरातील कर्करुग्णांना मॉर्फिन दुर्मीळ झाले आणि २०१४ साली कायदा सैल करावा लागला. टॉन्सिलच्या मुलाला मॉर्फिन नको, म्हणून घशाच्या कर्करोगाने तळमळणाऱ्यालाही नको, हा निष्कर्ष कोणत्याही चाचणीने काढलेला नाही. मथळे मात्र तो रोज सुचवतात.