विश्लेषण : ऑटोपायलट असताना वैमानिकाने हाताने विमान का उडवावे?

अर्धापूरहून नांदेडचे विमानतळ अर्ध्या तासावर. तिथून हैदराबाद-बंगळूरुकडे निघालेल्या प्रवाशाला वाटते, वैमानिक सगळा वेळ हाताने विमान चालवत असेल. प्रत्यक्षात उड्डाणानंतर थोड्याच वेळात ऑटोपायलट सुरू होतो आणि अनेकदा धावपट्टी समोर आल्यावरच बंद होतो. हाताने उडवणे उरते मोजक्या मिनिटांचे. तेवढ्यावर हातातले कसब टिकेल का, यावर विमान वाहतूक क्षेत्रात वर्षानुवर्षे वाद सुरू आहे.

आपल्याकडचा धडा कोणता?

१४ फेब्रुवारी १९९० रोजी इंडियन एअरलाइन्सचे मुंबईहून निघालेले विमान बंगळूरुत उतरत होते. एअरबस ए-३२० हे संगणकावर चालणारे नवेकोरे विमान आदल्याच वर्षी भारतात आले होते. हवा स्वच्छ, इंजिने ठीक. पण उतरताना स्वयंचलित यंत्रणा वेग राखण्याच्या स्थितीत नव्हती. इंजिने किमान शक्तीवर राहिली. वेग घटत गेला, उंचीही. वैमानिकांनी शक्ती वाढवली तेव्हा उशीर झाला होता. धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर विमान आदळले. १४६ पैकी ९२ जण दगावले. यंत्र बिघडले नव्हते; ते काय करते आहे, हे माणसांना वेळेत कळले नाही.

२०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एशियाना कंपनीच्या विमानाचे जवळपास तेच झाले. धावपट्टीकडे उताराचा मार्ग दाखवणारी यंत्रणा त्या दिवशी बंद होती आणि लख्ख उन्हात, नजरेच्या अंदाजाने उतरणे जमले नाही.

मग ऑटोपायलट बंदच ठेवावा?

नाही. दाट धुक्यात यंत्रच अधिक अचूक. गर्दीच्या मुंबईत एक वैमानिक हाताने उडवू लागला की दुसऱ्यावर रेडिओ आणि देखरेखीचा भार वाढतो.

सराव अडतो कुठे?

९० दिवसांत तीन उड्डाणे आणि तीन लँडिंग, हा नियम कागदावर सहज पूर्ण होतो. सिम्युलेटरचे तास बहुतेक आणीबाणीच्या प्रसंगांत आणि परीक्षेत जातात. खरी अडचण वेगळी आहे. प्रत्येक उड्डाणाची नोंद कंपनी तपासते; हाताने उडवताना वेग जरा इकडेतिकडे झाला तर विचारणा होईल, ही धास्ती असते. त्यापेक्षा बटण दाबलेले बरे! कॉकपिटमधली ही सावधगिरी समजण्यासारखी आहे, पण तिची किंमत पुढे कधीतरी मोजावी लागते.

अमेरिकेच्या एफएएने जानेवारी २०१३ मध्येच कंपन्यांना सुचवले होते की, योग्य वेळी हाताने उड्डाणाला प्रोत्साहन द्या. ‘योग्य वेळ’ म्हणजे स्वच्छ हवा, कमी गर्दी, ताजेतवाने वैमानिक. छोट्या पल्ल्याच्या, कमी वर्दळीच्या मार्गांवर अशी संधी जास्त मिळते. मात्र ती घ्यायची की नाही, हे वैमानिकाच्या हिमतीवर न सोडता कंपनीने आपल्या नियमावलीत लिहून द्यायला हवे आणि सरावातल्या किरकोळ चुकीवर कारवाई होणार नाही, हेही त्यातच असावे.