१२४ विटा मोजल्या, माणसे मोजायची राहिली

फोर्ट स्टिकिन या जहाजावर सोन्याच्या १२४ विटा होत्या. ३१ पेट्या, प्रत्येक पेटीत चार. १४ एप्रिल १९४४ रोजी, शुक्रवारी, दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी हे जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फुटले, तेव्हा त्यातली एक वीट सुमारे मैलभर उडाली आणि एका घराचे छप्पर फोडून आत पडली. घरमालकाने ती सरकारजमा केली. पुढे गोदीचा गाळ उपसताना अशा विटा अनेक वर्षे हाती लागत राहिल्या. जहाजावरच्या विटांची संख्या कुठेही वाचा, १२४च सापडेल. त्या दुपारी मेलेल्या माणसांचा आकडा मात्र कुठे आठशे असतो, कुठे तेराशे. पाचशे माणसांचा हा फरक नुसत्या धावपळीतून पडलेला नाही. कोणाची नोंद ठेवायची आणि कोणाची नाही, हे त्या बंदरात स्फोटाच्या कितीतरी आधीच ठरून गेलेले होते. म्हणूनच ही यादी आज, ऐंशी वर्षांनी का होईना, पुरी करणे हे सरकारचे आणि आपले देणे आहे.

हे जहाज इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघाले, कराचीत थांबले आणि १२ एप्रिलला मुंबईत लागले. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके, आणि त्यांच्याच शेजारी कराचीला भरलेल्या कापसाच्या ८,७०० गाठी. शिवाय तेलाची पिंपे, गंधक, लाकूड. एरवी असा माल वाहणाऱ्या जहाजाने लाल बावटा लावायचा असतो. युद्धामुळे तो लावला गेला नाही, त्यामुळे शेजारच्या धक्क्यांवर काम करणाऱ्यांना आपण कशाच्या कुशीत उभे आहोत याची कल्पना नव्हती. दुपारी दोनच्या सुमारास आग लक्षात आली. जहाज जागीच बुडवायचे की ओढून बाहेर समुद्रात न्यायचे, यावर खल झाला, पण ठाम हुकूम कोणीच दिला नाही. बंबवाले दोन तास पाणी मारत राहिले. पहिल्या स्फोटानंतर २८ मिनिटांनी दुसरा झाला, पहिल्याहून मोठा. पेटत्या कापसाच्या गाठी आकाशातून मांडवी आणि मस्जिद बंदराच्या छपरांवर पडल्या. वखारी, पेढ्या, चाळी धडाधड पेटल्या. सुमारे ८० हजार माणसे बेघर झाली.

आता मृतांचे आकडे नीट पाहा. गोदीतल्या निरनिराळ्या सेवांमधली २३१ माणसे गेली, त्यांपैकी अग्निशमन दलाचे ६६ जवान. हे आकडे नेमके आहेत, कारण ही माणसे कोणाच्या तरी पगारपत्रकावर होती. बाकीच्यांबद्दल लिहिले जाते ‘पाचशेहून अधिक नागरिक’. या ‘अधिक’मध्ये किती जण गेले, त्याचा पत्ता नाही. त्या काळी जहाजावरचा माल उतरवणारा कामगार गोदीचा नोकर नसे. टोळीवाला सकाळी धक्क्यावर हाताला लागतील ती माणसे उचली, संध्याकाळी काम संपले की नाते संपले. गोदी कामगारांची नोंदणी करून त्यांना हमीचे काम देणारा कायदा १९४८ साली झाला आणि मुंबईत त्यासाठीचे मंडळ १९५१ साली उभे राहिले. म्हणजे १९४४च्या त्या शुक्रवारी पाठीवर पोते घेतलेल्या माणसाचे नाव फार तर टोळीवाल्याच्या तोंडी होते, आणि टोळीवालाच गेला असेल तर तेही संपले. सरकारने नुकसानभरपाई दिली हे खरे, पण भरपाई मागायला आधी काहीतरी मालकीचे असावे लागते. पेढीवाल्याकडे खातेवही होती, घरमालकाकडे दस्त होता. जो दहा जणांच्या खोलीत वळकटी टाकून राहत होता, त्याने काय दाखवायचे?

युद्धाच्या काळात गुप्तता पाळावीच लागते, तेव्हा नोंदी राहिल्या नाहीत यात नवल काय, असे म्हटले जाते. हा युक्तिवाद मला पटत नाही. स्फोटाचे धक्के १,७०० किलोमीटरवरच्या सिमल्यातल्या भूकंपमापकावर उमटले होते. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी ही बातमी सविस्तर सांगितली. इथल्या वर्तमानपत्रांना मात्र ती छापायची मुभा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली. शत्रूला सगळे ठाऊक होते. अंधारात राहिले ते मृतांचे आप्त. आपले माणूस कुठे शोधायचे, कोणाला विचारायचे, हे गावाकडच्या लोकांना ज्या चार आठवड्यांत कळायला हवे होते, तेच चार आठवडे सेन्सॉरने गिळले.

दुसरे म्हणणे असे की, स्मरण तर होतेच आहे. दरवर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात, भायखळ्याला स्मारक आहे. ते व्हायलाच हवे. आग विझवायला धावलेल्या त्या जवानांइतका मान कोणाचाच नाही. पण एका दलाचे स्मरण म्हणजे एका वस्तीचे स्मरण नव्हे. आणि आता फार उशीर झाला असे ज्यांना वाटते, त्यांनी कॅनडातले हॅलिफॅक्स पाहावे. तिथे ६ डिसेंबर १९१७ रोजी असेच दारूगोळ्याचे जहाज फुटून बंदराकाठची वस्ती उद्ध्वस्त झाली. त्या शहराने मृतांची नावे दशकानुदशके गोळा केली, जुन्या याद्या पुन्हा तपासल्या. आज सतराशेहून अधिक नावांची स्मरणवही तिथे कोणालाही उघडून पाहता येते. तिथे जमले ते इथे का जमू नये?

इथे घाईचे कारणही आहे. मुंबईने ढिगारा सात महिन्यांत उपसला, गोदी पुन्हा चालू केली, जळालेल्या जागांवर नवी बांधकामे उठली. गोदीलगतच्या फ्रेअर रोडला पुढे पी. डिमेलो या गोदी कामगारांच्या पुढाऱ्याचे नाव मिळाले. व्हिक्टोरिया आणि प्रिन्सेस या दोन्ही गोद्या कंटेनर ठेवायच्या आवारासाठी भराव घालून बुजवल्या गेल्या. आता पूर्व किनाऱ्याच्या विकासाचे आराखडे चालू आहेत. जळालेली कुठली गल्ली कुठे होती हे दाखवणाऱ्या उरल्यासुरल्या खुणाही त्यात जातील. बंदर प्राधिकरण, महापालिका आणि राज्य पुराभिलेख यांनी एकत्र बसून भरपाईचे अर्ज, रुग्णालयांच्या आणि स्मशानांच्या नोंदवह्या, घरपट्टीची जुनी पुस्तके यांतले जे काही शिल्लक असेल ते अभ्यासकांना खुले करावे. त्यावरून जळालेल्या वस्तीचा घरवार नकाशा आणि नावांची यादी करावी. आणि वाचकांनो, कोकणात, घाटावर किंवा गोव्यात तुमच्या घरच्या जुन्या पेटीत मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरींच्या पावत्या असतील आणि त्या एप्रिल १९४४ला थांबल्या असतील, तर त्या फेकू नका. त्यावर पाठवणाऱ्याचे नाव असते.