हप्त्यावर नवा कॉम्प्युटर घेण्याआधी जुन्या डब्याचं झाकण उघडा



आमगाव, तिरोडा, देवरी, सालेकसा... गोंदिया जिल्ह्यात कुठेही ट्रेनिंग घ्या, एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, सेतूचं काम करतो, सोबत झेरॉक्स आणि फोटो. कॉम्प्युटर फार स्लो झालाय. नवीन सेट हप्त्यावर घेऊ का?"

माझं उत्तर दहापैकी आठ जणांना एकच असतं. नाही. आधी जुना उघडून बघा.

हे ऐकून काही जण नाराज होतात. नवीन वस्तूचा मोह मलाही आहे. पण आपण धंद्याची भाषा बोलू. समजा, महिन्याचा हप्ता ३,५०० रुपये बसला आणि एका फॉर्ममागे तुमच्या हातात ३० रुपये सुटतात. म्हणजे दर महिन्याचे पहिले ११७ फॉर्म तुम्ही फक्त हप्त्यासाठी भरणार. दुकानभाडं, लाईट बिल, नेट, कागद, शाई हे सगळं त्यानंतर. ज्या महिन्यात ॲडमिशन नाही आणि धान नोंदणीही नाही, त्या महिन्यात हे ११७ फॉर्म कुठून आणणार?

तुमच्याकडचा कॉम्प्युटर असेंबल केलेला असेल, तर तुम्ही नशीबवान आहात. ज्याला आपण सगळे 'सीपीयू' म्हणतो, त्या डब्यातला जवळपास प्रत्येक पार्ट वेगळा काढता येतो. बैलगाडीचं चाक मोडलं म्हणून कोणी बैल बदलत नाही. इथेही तसंच आहे. फक्त मोडलंय काय, ते आधी शोधायचं.

चूक मी पण केली आहे

व्हिडिओ एडिटिंग सुरू केलं तेव्हा माझा पीसी अडकायचा. कोणीतरी म्हणालं, ग्राफिक्स कार्ड टाका. टाकलं. पैसे गेले, पीसी तसाच अडकतोय. नंतर कळलं की अडथळा जुन्या हार्ड डिस्कचा होता. न मोजता खर्च केला की असं होतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे मोजणे, आणि ते फुकट आहे. गर्दीच्या वेळी, सगळे प्रोग्राम चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल तर दोष डिस्कचा. मेमरी ८५-९० च्या वर असेल तर रॅम कमी पडतेय. दोन्ही ठीक आहेत आणि फक्त सीपीयू भरलाय, तरच प्रोसेसरचा विचार करा.

खर्चाचा क्रम असा ठेवा

१. साफसफाई. आपला जिल्हा धानाचा आणि राइस मिलचा. मिलजवळच्या दुकानातला डबा उघडा, पंख्यावर धूळ आणि कोंड्याचा थर सापडेल. त्यात मे महिन्याचं ऊन. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो. मशीन बंद करून, वायर काढून, ब्रश आणि ब्लोअरने साफ करा. प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलून घ्या.

२. एसएसडी. जुनी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी वाचते, साधी साटा एसएसडी ५०० च्या आसपास. छोट्या-छोट्या फाइल्समध्ये हा फरक याहून कितीतरी मोठा पडतो. जुनी डिस्क फेकू नका, बॅकअपसाठी ठेवा.

३. रॅम. ४ जीबीवर आज ब्राउझर, पीडीएफ आणि स्कॅनर एकत्र ओढत नाहीत. ८ तरी हवी, फोटोचं काम असेल तर १६. पण डीडीआर ३ च्या बोर्डावर डीडीआर ४ ची पट्टी बसत नाही, खाचच वेगळी असते. आणि २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चांगलेच चढलेत, तेव्हा गरजेपुरतीच घ्या.

४. एसएमपीएस आणि यूपीएस. यात ग्राहकाला दाखवण्यासारखं काही नाही, म्हणून सगळे इथेच पैसे वाचवतात. पण आपल्याकडे व्होल्टेज खालीवर होतं, पावसाळ्यात विजा पडतात. हलका एसएमपीएस जाताना एकटा जात नाही, कधी बोर्डही घेऊन जातो.

मग नवीन कधी घ्यायचा?

इथे मी हट्ट करणार नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. तुम्ही लोकांचे आधार, सातबारा, बँक पासबुक हाताळता. सुरक्षेचे अपडेट नसलेल्या मशीनवर हे काम करणं म्हणजे दुकान उघडं टाकून जेवायला जाणं.

विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा किंवा रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. कित्येक बोर्डांवर टीपीएम असतं, फक्त बायोसमध्ये बंद असतं. ते चालू करायला पैसे लागत नाहीत. रायझनचा जुना एएम ४ बोर्ड असेल तर बायोस अपडेट करून बऱ्याचदा ५००० मालिकेचा प्रोसेसरही बसतो. आपल्या मॉडेलची यादी कंपनीच्या साइटवर बघा, आणि अपडेट यूपीएसवरच करा. मध्येच लाईट गेली तर बोर्ड बसलाच समजा.

पण मशीन इंटेलच्या चौथ्या पिढीचं, डीडीआर ३ चं असेल, तर त्यात रॅम ओतू नका. तिथे बोर्ड, प्रोसेसर, रॅम तिन्ही बदलावे लागतात. तरी कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड आणि नवी घेतलेली एसएसडी पुढे चालते. माझा साधा नियम आहे: अपग्रेडचा खर्च नव्या मशीनच्या निम्म्याच्या वर जात असेल, तर थांबा आणि नवीन घ्या. तेव्हा मीच म्हणेन, घ्या.

दोन शेवटच्या गोष्टी

पार्ट गोंदियात घ्या नाहीतर नागपूरला सीताबर्डीवर, पक्कं बिल घ्या. एसएसडीवर बहुधा तीन ते पाच वर्षांची वॉरंटी असते, बिलाशिवाय ती कागदावरच राहते. जीएसटीची नियमित नोंदणी असेल तर १८ टक्के कराची वजावटही मिळते.

आणि हे काम जूनच्या ॲडमिशनच्या गर्दीत किंवा दिवाळीच्या आगेमागे धान नोंदणी चालू असताना काढू नका. बाहेर शेतकरी रांगेत उभा आणि आत तुम्ही बायोमेट्रिकचा ड्रायव्हर शोधताय, ही वेळ येऊ देऊ नका. शांत आठवडा निवडा, आधी पूर्ण बॅकअप घ्या.

या रविवारी एवढंच करा. झाकण उघडा, धूळ काढा, टास्क मॅनेजरचे तीन आकडे वहीत लिहा. हप्त्याच्या कागदावर सही करायची की नाही, ते त्या वहीत बघून ठरवा. शोरूममध्ये उभं राहून ठरवू नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा वाढवा, कर्ज नको!