पाचशे म्हणजे थोडे नव्हेत

डोळ्याच्या आतला मेलानोमा हा गोऱ्यांचा कॅन्सर, असं वैद्यकाची पुस्तकं सांगतात. ते खोटं नाही. अमेरिकेतल्या नोंदींत गोऱ्यांमध्ये दर दहा लाखांमागे वर्षाला सुमारे 6 रुग्ण सापडतात, आशियाई वंशाच्या लोकांत 0.38. पण हाच दर 140 कोटींना लावून बघा. हिशेब ढोबळच, तरी आकडा पाचशेच्या पुढे जातो. एकेका डॉक्टरच्या वाट्याला क्वचितच येणारा रुग्ण देशाच्या वाट्याला असा शेकड्यांनी येतो.

आपल्याकडे तो येतोही लवकर. पाश्चात्त्य देशांत हे रुग्ण साठीच्या आसपासचे असतात. भारतीय रुग्णालयांच्या नोंदींत बरेचसे चाळिशी-पंचेचाळिशीचे. गाठ पडद्यामागे वाढते आणि सहसा दुखत नाही. नजर अंधूक होते, कडेला सावली येते. मग 'नंबर वाढला असेल' म्हणून माणूस चष्म्याच्या दुकानात जातो. तिथे नंबर निघतो, पडदा कुणी बघत नाही. पडदा बघायचा तर बाहुली मोठी करणारे थेंब घालून अर्धा तास डोळे मिटून बसायचं, पुढे काही तास उजेड सोसायचा नाही. कामाचा दिवस बुडतो म्हणून लोक 'थेंब पुढच्या वेळी' म्हणतात. पिकलेल्या मोतीबिंदूआडून तर पडदा दिसतच नाही. अशा वेळी मिटलेल्या पापणीवर जेल लावून केलेली डोळ्याची सोनोग्राफी आतली गाठ दाखवते. कधी ती चक्क अळंबीच्या आकाराची असते.

गाठ लहान असतानाच सापडली, तर डोळा वाचवता येतो. त्यासाठी लागणारी रुथेनियम-106 ची किरणोत्सारी चकती आता मुंबईचं भाभा अणुसंशोधन केंद्रच बनवतं. उशीर झाला की रोग यकृतात उतरण्याचा धोका वाढतो. तिथे 2022 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं टेबेन्टाफस्प हे औषध आयुष्य वाढवतं, पण ते एचएलए-ए*02:01 हा जनुकप्रकार असलेल्यांनाच चालतं. युरोपीय वंशाच्या जवळपास निम्म्या लोकांत तो असतो. भारतीयांत बराच कमी. म्हणजे शेवटच्या टप्प्यावरचं औषधही आपल्यातल्या अनेकांच्या उपयोगाचं नाही. आपला भरवसा लवकर निदानावरच.

म्हणून पडदा दिसत नसेल तर सोनोग्राफीशिवाय मोतीबिंदूचं ऑपरेशन नको, मग ते शिबिरातलं असो की खासगी दवाखान्यातलं. आणि चाळिशीनंतर एका डोळ्याची नजर अचानक उतरली, तर नुसता नंबर काढून घरी येऊ नका. थेंब घालून पडदा बघा, असं डॉक्टरांना आपणच सांगायचं.