कुंपणाआतल्या पडीक जमिनीबद्दल जाहीर इशारा

कंपनीचं व्यवस्थापन, जिल्हा प्रशासन आणि ही जमीन विकत घ्यायला निघालेले लोक, तिघांनीही नीट वाचावं.

आमच्या तीन वाड्यांची जमीन 1894 च्या भूसंपादन कायद्याखाली सरकारी कंपनीच्या कारखान्यासाठी घेतली. कारखाना उभा राहिला, पण ओढ्यापलीकडच्या भागात आजवर एक वीट रचलेली नाही. सातबारा काढून बघा. कब्जेदार म्हणून कंपनीचं नाव आणि पिकाच्या रकान्यात वर्षानुवर्षं एकच शब्द: पड. गवताचा लिलाव मात्र पावसाळा सरला की न चुकता होतो. ज्यांच्या आजोबांनी तिथे भात लावला, ते आज त्याच बांधावरचे भारे पैसे मोजून आणतात. पावतीवर शिक्का कंपनीचा.

हेही सोसलं. आता कानावर येतंय की ही 'अतिरिक्त' जमीन विकून कंपनी देणी भागवणार. अतिरिक्त होती, तर घेतली कशाला?

रसायनीचं आम्ही पाहिलंय. हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सचा तिथला कारखाना बंद करायला केंद्राने 2017 मध्ये मंजुरी दिली आणि त्यातच 442 एकर जमीन एकरी 1 कोटी 40 लाखांनी भारत पेट्रोलियमला विकायचं ठरवलं. निदान तिथे घेणारी कंपनी सरकारी होती. इथे चकरा मारणाऱ्या गाड्या बिल्डरांच्या आहेत.

कायदा आम्हालाही वाचता येतो. पाच वर्षं न वापरलेली जमीन मूळ मालकाला किंवा सरकारच्या भूमी बँकेला परत द्यावी, असं 2013 च्या कायद्याचं कलम 101 सांगतं. ते जुन्या संपादनाला लागू नाही, असं तुमचे वकील म्हणतील. म्हणू देत. एकदा सरकारची झालेली जमीन वापरली नाही म्हणून मूळ मालकाला हक्काने परत मागता येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये पुण्याच्या एका प्रकरणात म्हटलंय. मान्य. पण याच न्यायालयाने 1997 मध्ये केरळच्या खटल्यात सांगितलं की अशी जमीन दुसऱ्या सार्वजनिक कामाला लावा, नाहीतर जाहीर लिलाव करा. बंद दाराआड कुणाच्या घशात घाला, असं कुठेच लिहिलेलं नाही.

म्हणून जमीन आधी सरकारजमा करा. संपादनाच्या वेळचा करार कपाटातून बाहेर काढा, जागेचा पंचनामा करा, शर्तभंगाची नोटीस बजावा, फेरफार घाला. मग तिथे रुग्णालय बांधायचं की गावठाण वाढवायचं, ते ग्रामसभेत बसून बोलू.

मुदत आजपासून 45 दिवस. तोवर मोजणीचा दगडसुद्धा कंपनीने तिथे रोवू नये. कुणाला इसार द्यायचा असेल तर त्याने तो स्वतःच्या जबाबदारीवर द्यावा. 'आम्हाला ठाऊक नव्हतं' ही सबब उद्या ऐकून घेतली जाणार नाही, ही नोटीस त्यासाठीच आहे.

46 व्या दिवशी सकाळी तिन्ही वाड्या गेटवर असतील. कुंपणाला हात लागणार नाही, दगड उचलला जाणार नाही. गेटवरचा रखवालदार आमच्याच वाडीचा आहे, त्याला धक्का लावायला आम्ही वेडे नाही. बैल आणि नांगर घेऊन बसू, आणि उठायला सांगणाऱ्याला आधी तो करार दाखवावा लागेल.

आणि यंदा गवताचा लिलाव होणार नाही.